विश्वास, आशा, प्रीती: १२ आठवड्यांच्या अभ्यासाने शील घडते का? (आखणी तपासून हवी आहे)

मोहरीचा_दाणा
चर्चच्या मंडळीतल्या ८ जणांच्या गटासाठी बायबलचा अभ्यास आखतोय. आठवड्यातून एकदा, सव्वा तास. कच्ची आखणी अशी: पहिले ४ आठवडे विश्वास (इब्री ११), पुढचे ४ आशा (रोम ८), शेवटचे ४ प्रीती (१ करिंथ १३). दर वेळी ४५ मिनिटे वचन (बायबलचा उतारा), १५ मिनिटे चर्चा, १५ मिनिटे प्रार्थना.

खटकते ते एवढेच की असे अभ्यास संपतात तेव्हा वह्या भरलेल्या असतात आणि माणसे होती तशीच असतात. चिडणारा चिडतो, उशिरा येणारा उशिराच येतो. आखणीत नेमके काय चुकते ते सांगा. 'जास्त प्रार्थना करा' हे उत्तर कृपया वगळा.

क्रियापद_बघा
चूक पहिल्याच ओळीत आहे. तीन नामे घेतलीत आणि त्यांचे तीन धडे केलेत. त्याऐवजी क्रियापदे बघा.

मराठीत विश्वास 'बसतो' आणि विश्वास 'ठेवतात'. आशा 'वाटते' आणि आशा 'धरतात'. प्रेम 'जडते' आणि प्रीती 'करतात'. पहिली जात आपोआप होते, दुसरी माणूस करतो. शास्त्रात (बायबलमध्ये) आज्ञा येते ती दुसऱ्या जातीची. 'तुला प्रेम जडू दे' अशी आज्ञा कोणी देऊ शकत नाही, 'प्रीती कर' अशी देता येते. गटात मात्र हटकून विचारले जाते, "या आठवड्यात देव जवळ वाटला का?" वाटण्याचा हिशेब सुरू झाला की ज्याची झोप नीट झाली तो पवित्र ठरतो.

१ थेस्सल १:३ मध्ये (थेस्सलनीकाकरांना पहिले पत्र, अध्याय १, वचन ३) प्रेषित पौल काय पाहतो? विश्वासाने केलेले काम, प्रीतीने केलेले श्रम, आशेमुळे धरलेला धीर. ग्रीकमध्ये काम म्हणजे 'एर्गोन'; श्रम म्हणजे 'कोपोस', अंग दुखेपर्यंतची मेहनत; धीर म्हणजे 'हुपोमोने', ओझ्याखाली टिकून राहणे. तिन्ही गोष्टी बाहेरून दिसणाऱ्या आहेत. गटात प्रश्न विचारायचे ते याच तिघांचे: या आठवड्यात देवाच्या शब्दावर विसंबून कोणते काम केले? कोणासाठी झिजलात? कुठे टिकून राहिलात?

नांगर_६_१९
वरच्याला +१. पण ४-४-४ ही वाटणीही मोडा.

तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत. १ करिंथ १३:७ मध्ये प्रीतीच 'सर्व काही खरे मानण्यास सिद्ध असते, सर्व गोष्टींची आशा धरते', म्हणजे विश्वास आणि आशा तिथे प्रीतीची क्रियापदे झाली आहेत. गलती ५:६ मध्ये विश्वास कार्य करतो तो प्रीतीच्या द्वारे. रोम ५ ची सुरुवात विश्वासाने नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरण्यापासून, मग संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा, आणि ती आशा लाजवत नाही का, तर अंतःकरणात देवाच्या प्रीतीचा वर्षाव झाला आहे म्हणून. पाच वचनांत तिन्ही आली.

आणि 'शील' कुठे बसले आहे बघा. मूळ शब्द 'दोकिमे', पारखून खरे ठरलेले. सोन्याला कस लागतो तसे. म्हणजे शील हे कस लागण्याआधी वर्गात वाटता येत नाही. वर्गात तयारी होते, घडते ते मधल्या ६ दिवसांत.

एकेक सुटे केले की काय बिघडते ते सांगतो, कारण गटात हे चार नमुने हमखास दिसतील. आशेविना प्रीती करणारा समोरच्याला सुधारण्याची मुदत लावतो. मुदत टळली की कडवट होतो आणि त्या कडवटपणाला 'स्पष्टवक्तेपणा' म्हणतो. विश्वासाविना प्रीती करणारा सगळ्यांचे सगळे करतो आणि मोडून पडतो, कारण 'नाही' म्हटले तर आपली किंमत जाईल ही भीती खाली असते. प्रीतीविना विश्वासवाल्याची मते अचूक आणि जीभ धारदार (असे लोक चर्चेच्या धाग्यांवर जास्त सापडतात, मीही त्यातलाच धरा). विश्वासाविना आशा म्हणजे नुसते 'होईल सगळे छान'. चौघांना औषध वेगळे लागते. एकच धडा चौघांना दिलात तर तिघांचे नुकसान.

प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिनने सुमारे ४२१ साली 'एन्किरिडिऑन' (हस्तपुस्तिका) लिहिले ते याच तिघांवर. विश्वासासाठी विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेची ठरलेली कबुली), आशेसाठी प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली), शेवटी प्रीती अशी रचना. त्यातही विश्वासाने १०० हून अधिक प्रकरणे खाल्ली आणि आशेच्या वाट्याला ३ आली. गटांचेही असेच होते. आशा नेहमी उपाशी राहते.

मोहरीचा_दाणा
वाटणी मोडली. मग दर आठवड्याला तिन्ही घ्यायची? आणि 'मधल्या ६ दिवसांत' नेमके काय करायला द्यायचे?

दिवटी
प्रत्येकाने एकच गोष्ट घ्यायची, आणि ती गुणाच्या नावाने घ्यायची नाही. 'मी सहनशील होईन' हे लिहून देणाऱ्याचा कागद परत करा.

इफिस ४ मध्ये साचा तयार आहे: काढा, घाला, कारण. वचन २८ घ्या. चोरी करणाऱ्याने पुन्हा चोरी करू नये (काढा), आपल्या हातांनी काम करावे (घाला), गरजूला द्यायला आपल्याजवळ काही असावे म्हणून (कारण). चोरी थांबली एवढ्याने पौलाचे भागत नाही. घेणारा हात देणारा होतो तेव्हा तो वळला. वचन २५ मध्ये लबाडी काढा, सत्य बोला, कारण आपण एकमेकांचे अवयव आहोत. वचन २९ मध्ये कुजके भाषण काढा, उन्नतीचे घाला, कारण ऐकणाऱ्याला कृपादान मिळावे.

याच तीन रकान्यांत प्रत्येकाने आपले लिहायचे. नमुना:

काढा: घरी दुसऱ्याचे वाक्य मध्येच तोडणे. घाला: त्याचे बोलणे संपल्यावर एक श्वास थांबून, त्याचेच म्हणणे एका वाक्यात परत सांगून मग आपले. कारण: माझे ऐकले जाणे देवाच्या हाती आहे, त्यासाठी झुंजायची गरज नाही (विश्वास), हा माणूस बदलू शकतो, म्हणून त्याचे पूर्ण ऐकणे वाया जात नाही (आशा), तो ऐकून घेण्याच्या लायकीचा आहे (प्रीती).

तिन्ही आली ती तिसऱ्या रकान्यात. विषय वेगळे करायची गरजच उरत नाही.

कृती निवडताना तीन कसोट्या. दिवसातून निदान एकदा प्रसंग यायला हवा. महिन्यातून एकदा येणाऱ्या प्रसंगावर सवय बसत नाही. केले की नाही हे हो-नाहीत सांगता यायला हवे. आणि दुसऱ्याने बदलण्यावर ती अवलंबून नसावी. 'नवऱ्याशी भांडण होऊ नये' हे बाद, कारण त्यात अर्धा वाटा नवऱ्याचा.

एका कृतीला किमान ३ आठवडे द्या. दर आठवड्याला नवी कृती देणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. पहिल्या आठवड्यात आपण किती वेळा घसरतो तेवढेच कळते, दुसऱ्यात घसरल्यावर लगेच कळते, तिसऱ्यात कधीकधी घसरण्याआधी कळते. पहिल्याच आठवड्यानंतर बदललेत तर माणूस फक्त आपले अपयश मोजून घरी जातो.

फांदी_१५_५
माफ करा, पण हे सगळे वाचून गलतीकरांना (नियम पाळून नीतिमान ठरू पाहणाऱ्यांना) पत्र पुन्हा लिहावे लागेल असे वाटते. पवित्र आत्म्याची फळे 'घाला-काढा' करून येत नाहीत. फांदी वेलात राहिली की फळ येते. रकाने, कसोट्या, ३ आठवडे... याला कर्मकांड म्हणतात.

शिवाय एकेक गुण निवडणे हेच चूक. यादीतून आवडेल ते उचलायला ते दुकान नव्हे.

क्रियापद_बघा
'फळे' नाही, 'फळ'. गलती ५:२२ मध्ये एकवचन आहे, 'कार्पोस', आणि खाली ९ गुणांची नावे. एकवचनाने तुमचाच मुद्दा पक्का होतो: इंद्रियदमन आहे पण सौम्यता नाही, असे असेल तर ते इंद्रियदमन आत्म्याचे नसून स्वभावाचे असण्याची शक्यता जास्त. शिस्तप्रिय माणसाने हे जरूर तपासावे.

पण त्याच अध्यायात ५:२५ आहे: आत्म्याच्या सामर्थ्याने जगत असलो तर आत्म्याच्या प्रेरणेने चालावेही. चालणे पायांनीच होते.

नांगर_६_१९
फांदी, तुमची भीती खरी आहे, इलाज मात्र मोजमाप टाकून देण्यात नाही, क्रम सांभाळण्यात आहे. २ पेत्र १ चा क्रम बघा. वचन ३: जीवनाला आणि सुभक्तीला लागणारे सर्व काही त्याने आधीच दिले आहे. वचन ५: 'ह्याच कारणास्तव' होईल तितका प्रयत्न करून विश्वासात सात्त्विकतेची, सात्त्विकतेत ज्ञानाची, मग इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम आणि शेवटी प्रीतीची भर घाला. वचन ३ वगळून ५ वर उडी मारली की कर्मकांड. वचन ३ वाचून तिथेच बसकण मारली तर वचन ८ चे 'निष्क्रिय व निष्फळ'.

वचन ९ मला सर्वांत उपयोगी वाटते. ज्याच्या ठायी हे गुण नाहीत त्याचे निदान पेत्र काय करतो? इच्छाशक्ती कमी, असे नाही. तो आंधळा, अदूरदृष्टी आहे, आपल्या पूर्वीच्या पापांपासून आपण शुद्ध झाल्याचे विसरला आहे. वाढ खुंटते ती विसरल्याने. म्हणून घसरल्यावर पहिली कृती 'पुढच्या वेळी जोर लावीन' ही नव्हे. आधी क्षमा मिळाल्याची आठवण, मग नवा निश्चय. हा क्रम उलटला की दोन आठवड्यांत माणूस गटाला यायचा थांबतो, आणि कारण विचारले तर कामाचे सांगतो.

सायंप्रार्थना
कॅथलिक बाजूने थोडी भर. मोजणीची जुनी पद्धत जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोलाच्या 'स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस' या पुस्तकात आहे (पोपची मान्यता १५४८). तिचे दोन भाग लोक एकत्र करतात, ते वेगळे ठेवा.

पहिला, रोजचे सर्वसाधारण आत्मपरीक्षण, पाच पायऱ्यांचे: उपकारस्तुती, आपले पाप ओळखता यावे म्हणून कृपा मागणे, सकाळपासून तासातासाने दिवस पाहणे, क्षमा मागणे, कृपेच्या आधाराने सुधारणेचा निश्चय. १० ते १५ मिनिटे पुरतात. लोक तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात. उपकारस्तुती गाळलीत की तेच परीक्षण स्वतःवरचा खटला होतो, आणि न्यायाधीशही आपणच.

दुसरा, एकाच दोषाचे विशेष परीक्षण. सकाळी उठताच त्या एका दोषाविरुद्ध निश्चय. दुपारी जेवणानंतर मागचे तास पाहून, जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके एका ओळीवर. रात्री पुन्हा, दुसऱ्या ओळीवर. मग दुपारची ओळ रात्रीशी, कालचा दिवस आजशी, मागचा आठवडा या आठवड्याशी ताडून पाहायचा. घसरल्याक्षणी छातीवर हात ठेवायचा, चारचौघांतही कोणाला कळत नाही. दिवटींची कृती आणि ही ओळ एकत्र केली की काम झाले.

ठिपके पहिल्या आठवड्यात वाढतात. घाबरू नका, आधीही घसरण तेवढीच होती, दिसत नव्हती.

दोन परंपरांत फरक आहे तो लपवत नाही. आमच्याकडे ही तिन्ही देवाने आत ओतलेले सद्गुण मानतात, आणि कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये म्हटले की आशा आणि प्रीतीची जोड मिळाल्याशिवाय विश्वास ख्रिस्ताशी पूर्ण जोडत नाही. ल्यूथरच्या वाटेने जाणारे प्रॉटेस्टंट म्हणतात, नीतिमान ठरतो तो केवळ विश्वासाने, प्रीती हे त्याचे फळ. गटात दोन्हीकडचे असतील तर पहिल्याच दिवशी हे सांगून टाका, नाहीतर सातव्या आठवड्यात वाद फुटतो. रोजच्या सरावात मात्र दोन्हीकडे तेच ठिपके.

फांदी_१५_५
क्रमाचा मुद्दा मान्य. ठिपके दुसऱ्याला दाखवायचे नाहीत ही अट घाला, मग विरोध नाही.

सायंप्रार्थना
दाखवायचे नसतातच. गटात आकडा सांगायचा नाही, कल सांगायचा.

आसवांची_वही
आशा उपाशी राहते असे वर कोणीतरी म्हटले, म्हणून तिच्याबद्दल.

मराठीत हा शब्द आधीच बदनाम आहे. वेडी आशा, आशाळभूत, आशेला लावणे. शिकवताना पहिली १० मिनिटे हे झाडून काढण्यात घालवा. इब्री ६:१९ मध्ये आशा जिवाचा नांगर आहे. नांगर वादळ थांबवत नाही, गलबत जागेवर धरतो. आणि तो पडलेला असतो तिथे नजर पोचत नाही.

मध्ययुगीन कॅथलिक धर्मपंडित अक्वायनसने आशेविरुद्ध दोन पापे सांगितली: निराशा आणि फाजील भरवसा. दुसऱ्याकडे मंडळ्यांत कोणी पाहत नाही. 'देव सगळे ठीक करणारच आहे' म्हणून माफी न मागणारा, उपचार न घेणारा, देणे न फेडणारा माणूस आशावान वाटतो. दोघांत साम्य एकच: दोघांनीही वाट पाहणे सोडले आहे. एकाला येणार नाही याची खात्री, दुसऱ्याला आलेच आहे याची.

सराव म्हणून विलाप शिकवा. स्तोत्र १३ घ्या, सहाच वचने आहेत. १-२ तक्रार ('कोठवर?' हे मूळ हिब्रूत चारदा), ३-४ मागणी, ५-६ भरवसा. प्रत्येकाने याच साच्यात ६ ओळी लिहायच्या: दोन तक्रारीच्या, दोन मागणीच्या, दोन भरवशाच्या. १५ मिनिटे. बिघडते ते असे की लोक तक्रारीची पहिली ओळ लिहून थेट पाचवीवर जातात, कारण तक्रार म्हणजे अविश्वास अशी शिकवण झालेली असते. त्यांना स्तोत्र ८८ दाखवा. ते अंधारातच संपते आणि तरी शास्त्रात आहे. तक्रारही देवाकडेच केली आहे, आशा धरणे ते तेवढेच.

एक सावधगिरी. आठवडेच्या आठवडे झोप-भूक गेलेली, कशातच रस नाही, जगणे नको वाटते, असे कोणी सांगितले तर त्याला आशेचा धडा देऊ नका. तो आजार असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे, सोबत जाऊन. प्रार्थना जोडीला चालू राहू दे, उपचाराच्या जागी नको.

दिवटी
प्रीतीचे माझ्याकडून. १ करिंथ १३:४-७ मध्ये मूळ ग्रीकमध्ये १५ क्रियापदे आहेत, त्यातली ८ नकारार्थी. मराठीत सुरुवातीला 'सहनशील आहे, परोपकारी आहे' अशी विशेषणे झाल्याने ते गुणवर्णन वाटते. गटात पंधराही कृती म्हणून फळ्यावर लिहा आणि 'प्रीती'च्या जागी स्वतःचे नाव घालून प्रत्येकाने मनात वाचायचे. जिथे जीभ अडखळते ती आपली ओळ. बहुतेकांची 'अपकार स्मरत नाही' इथे अडते. मूळ शब्द 'लोगिझेताइ', हिशेब मांडणाऱ्याचा: खात्यावर नोंद करत नाही.

इथे एक गोष्ट खणखणीत सांगा, कारण हे वचन वापरून माणसे छळली जातात. नोंद न करणे म्हणजे पुन्हा त्याच हाताखाली जाऊन बसणे नव्हे. क्षमा एकट्याने करता येते, समेटाला दोघे लागतात. लूक १७:३ मध्ये पश्चात्तापाची अट आहे, आणि रोम १२:१८ म्हणते 'शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके'. मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांना धोका असेल तर गटात 'क्षमा कर' म्हणणाऱ्याला गटप्रमुखाने तिथेच थांबवायचे आणि पोलिसांची वाट दाखवायची.

रोजच्या खटक्यांसाठी मत्तय १८:१५ ची पायरी काढू नका. ती पापासाठी आहे: आधी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. चमचा जोरात आपटणे हे पाप नव्हे, तिथे नीतिसूत्रे १९:११ पुरते, अपराधाची गय करणे हे भूषण. आणि दोन्हींच्या आधी मत्तय ७ चे कुसळ-मुसळ.

नांगर_६_१९
गट कसा चालवायचा ते राहिले. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक वेस्ली याच्या वर्गांत साधारण १२ जण, एक पुढारी, दर आठवड्याला भेट. त्याहून लहान टोळ्यांचे नियम त्याने १७३८ मध्ये लिहिले: वेळेवर यायचे, आपल्याच जिवाची खरी स्थिती सांगायची, मागच्या भेटीनंतर घडलेले, स्वतःला ठाऊक असलेले पाप सांगायचे. ८ जणांना एवढे खोल बोलणे जमत नाही. ४-४ च्या दोन टोळ्या करा, स्त्रिया वेगळ्या, पुरुष वेगळे. प्रत्येकी ६ मिनिटे, घड्याळ समोर.

तीन गोष्टी बंद: सल्ला (विचारल्याशिवाय), गैरहजर माणसाचे नाव, आणि प्रार्थनेच्या विनंतीच्या वेषातली चुगली. "अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या घरी काय चाललंय माहीत आहे ना" हे एकदा चालवून घेतलेत की पुढच्या आठवड्यापासून कोणी खरे बोलणार नाही. गुप्तता पाळू असे वचन द्या, पण जिवाला किंवा मुलांना धोका असेल तर पाळणार नाही, हे आधीच सांगा.

मोहरीचा_दाणा
सगळ्यांचे आभार. नवी आखणी: आठवडा १ रोम ५ आणि २ पेत्र १, रकाने भरणे. २ ते ४ पहिली कृती. ५ ला स्तोत्र १३ आणि विलाप लिहिणे. ६ ते ८ दुसरी कृती, १ करिंथ १३ मधल्या अडलेल्या ओळीवरून. ९ ते ११ तिसरी. १२ ला आढावा. वेळ: २० मिनिटे वचन, २५ टोळीत, १५ पुढच्या आठवड्याची कृती लिहिणे, १५ प्रार्थना.

एक शंका. एखाद्याने दोन आठवडे ठिपकेच मांडले नाहीत तर?

सायंप्रार्थना
रागावू नका, कृती अर्धी करा. दिवसाऐवजी एकच ठरलेला तास, उदाहरणार्थ संध्याकाळी घरी परतल्यानंतरचा. तेही जमले नाही तर दोष चुकीचा निवडला आहे. स्वतःला खरोखर टोचणारा न घेता लोकांत सांगायला सोपा घेतला आहे. रकाना पुन्हा भरायला लावा.

दिवटी
आणि तिसरी कृती काढून टाका. ९ ते ११ मध्ये पहिलीच परत घ्या. ६ ते ८ मध्ये ती सुटलेली असते, हे कागदावर दिसू दे.

मोहरीचा_दाणा
बदलले. १२ व्या आठवड्याची फक्त तारीख लिहून जागा कोरी ठेवतोय.